डोकं ओस्बीत, पाय बीमनमध्ये

नोरीन पँकोला नर्स व्हायचं होतं आणि कॉलेज कुठलं तेही तिचं ठरलेलं होतं. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. एक अर्ज, एक पाकीट, एक तिकीट, चला आता जेवायला. पण तिचा नवरा वर्लिन त्याच वर्षी रिटायर झाला होता, आणि त्याच्या हाताला काम नव्हतं. घरातले सगळे नळ दुरुस्त करून झाले होते, दोन तर चांगले चालत असताना दुरुस्त करून बिघडवूनही झाले होते. तेवढ्यात बायकोचं हे कॉलेजचं निघालं.

वर्लिननं एकतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्तेखात्यात पाट्या रोवल्या. मिशिगनच्या आमच्या या कोपऱ्यात तुम्हाला वळणाची, पुलाची, गायींची जी पाटी दिसेल ती त्याच्या हातची. आणि काय ती अचूक! 'हरणं आडवी येतात' ही पाटी त्यानं शूल्टांच्या बिटाच्या शेताजवळ रोवली, तर आधी मैलभर कुठूनही रस्ता ओलांडणारी हरणं दुसऱ्या दिवसापासून रांगेनं तिथूनच जायला लागली. खोटं वाटत असेल तर शूल्टांच्या इर्माबाईंना विचारा. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांनी हरणं मोजलीत.

तर असा हा माणूस. त्याला निरोपाच्या दिवशी खात्यानं रस्ता मोजायचं चाक भेट दिलं होतं. लांब दांडा, खाली एक चाक, ढकलत चाललं की फुटांचे आकडे पुढे सरकतात. ते चाक आणि एक चिमट्याचं पॅड घेऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला.

"हं, बोल," तो म्हणाला. "कुठली कुठली कॉलेजं आहेत?"

"बीमन," नोरीन म्हणाली.

"आणि?"

"आणि काय? बीमन. वीस मिनिटांवर आहे. मी तिथेच शरीरशास्त्र केलं. प्रात्यक्षिकं आमच्याच वृद्धाश्रमात असतात, म्हणजे माझे म्हातारे सुटायचे नाहीत. आणि शिकवायला त्या ओकरमनबाई आहेत. मी बेडूक कापताना रडले, तर वर्ग हसला पण त्या नाही हसल्या."

"नोरीन, ही कारणं नाहीत. या भावना झाल्या."

"बरं."

"कपडे धुवायचं मशीन घ्यायला आपण सात दुकानं हिंडलो. चालतंय ना अजून?"

"त्याचं झाकण मी गुडघ्यानं दाबून धरते, वर्लिन."

"पण चालतंय!"

नोरीन एकोणपन्नास वर्षांची. वृद्धाश्रमात अठरा वर्षं मदतनीस. आंघोळी घालायच्या, कूस बदलायची, भरवायचं. कुणाचा श्वास बदलला तर हिला दाराबाहेरून कळायचं. पण कळून उपयोग काय, हिनं फक्त नर्सला बोलवायचं. अठरा वर्षं ती नर्सला बोलवत होती. म्हणून चार वर्षं कामावरून येऊन तिनं एकेक विषय सोडवला होता. आता उरली होती ती फक्त दोन वर्षांची नर्सिंगची असोसिएट पदवी, आणि तिच्यासाठी एक जागा. बीमनच्या वर्गात चोवीस जागा असतात. आणि यात एक मेख होती. शरीरशास्त्राचे मार्क पाचच वर्षं चालतात. माणसाची हाडं पाच वर्षांत कुठे जात नाहीत, पण मार्क शिळे होतात, असा यांचा नियम. नोरीनचे मार्क येत्या सप्टेंबरात शिळे होणार होते. यंदा नाही तर पुन्हा पहिल्या हाडापासून सुरुवात.

हे वर्लिनला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा हं, त्याला ठाऊक होतं.

"पहिल्या पानावर तुझं मत लिही," त्यानं पॅड पुढे सरकवलं. "पद्धत म्हणजे पद्धत. सगळ्यांचं मत घ्यायचं असतं."

नोरीननं एक ओळ लिहिली. वर्लिननं पान उलटलं आणि पट्टीनं रकाने आखायला घेतले. बीमनचा अर्ज तिनं जानेवारीतच भरला होता. त्यावरही वर्लिननं शेवटी स्वतःच्या हातानं 'पत्रव्यवहार फक्त टपालाने' या चौकोनात बरोबरची खूण केली होती. कंप्युटरवर आलेलं काय, उद्या पुसलं जातं. कागदावर आलेलं ते खरं.

फेब्रुवारीभर तो हिंडला. पाच कॉलेजं. मोटारतळापासून वर्गापर्यंत किती फूट, हे त्यानं चाक ढकलून मोजलं. एका कॉलेजात तर तो चाक ढकलत पुढे आणि रखवालदार त्याच्यामागे, अशी अर्ध्या तासाची मिरवणूक निघाली. शेवटी रखवालदारानंच विचारलं, "साहेब, इमारत पाडणार आहेत का?" वर्लिन म्हणाला, "अजून ठरलं नाही." म्हणजे त्याला म्हणायचं होतं की कॉलेज अजून ठरलं नाही. पण दुपारपर्यंत अर्ध्या शिक्षकांनी कपाटं आवरायला घेतली म्हणे.

दुसऱ्या एका ठिकाणी मुली रक्तदाब मोजायला शिकत होत्या. माणूस हवा होता. वर्लिन ऐटीत बसला. पहिल्या मुलीनं पट्टा आवळला, आकडा आला एकशे ऐंशी. तिला वाटलं आपलं चुकलं. दुसरीनं आवळला, एकशे नव्वद. अशा चौदा मुली झाल्या. प्रत्येकीनं आवळल्यावर तो जास्त घाबरायचा आणि घाबरला की आकडा चढायचा. हात प्लमसारखा जांभळा झाला. चौदाव्या मुलीचा आकडा ऐकून बाईंनी अँब्युलन्स बोलवायला घेतली, तेव्हा हा चाक उचलून खिडकीतून पळाला. तळमजला होता म्हणून बरं. पॅडवर त्या कॉलेजपुढे त्यानं लिहिलं: 'चिकाटी उत्तम.'

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. वर्लिन पॅड घेऊनच आला. मग काय, प्रत्येकाला मत होतं.

"मुलींचे बूट बघ," इर्माबाई कोबीची कोशिंबीर वाढून घेत म्हणाल्या. "बूट पांढरेशुभ्र असले तर त्या कॉलेजात काम शिकवत नाहीत, नुसतं बोलतात."

"बुटांचं कुठे काय घेऊन बसलात इर्माबाई," मागून कुणीतरी म्हणालं, "परीक्षा बघायची! सरकारी परीक्षेत किती पास होतात? शेजारच्या ओस्बी कॉलेजचे शंभरात सत्त्याण्णव."

वर्लिनचा काटा हवेतच थांबला. "आणि बीमनचे?"

"शहाऐंशी."

त्या आकड्यानं त्याची भूकच गेली. ज्या माणसानं आयुष्यभर इंचाचा हिशेब ठेवला, त्याची बायको शहाऐंशीवर समाधान मानणार? नोरीन शेजारीच मासा खात होती. ती म्हणाली, "मला एकटीला पास व्हायचंय रे. मी शंभर जणी नाहीये."

पण ओस्बीची भानगड अशी की तिथे पहिल्यांदा त्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना घेतात, उरल्या जागा बाहेरच्यांना. आणि पँकोंचं घर बीमन जिल्ह्यात.

"अरे, पण तुझं कोंबड्यांचं खुराडं ओस्बीत आहे ना?" इर्माबाईंनी विचारलं.

झालं! इर्माबाईंनी ते आपलं सहज, लोणच्याच्या बरणीकडे बघत म्हटलं. पण खरंच होतं ते. दोन्ही जिल्ह्यांची हद्द पँकोंच्या आवारातून जाते. स्वयंपाकघर बीमनमध्ये, निजायची खोली बीमनमध्ये, पण मागची काचेची पडवी आणि कोंबड्या ओस्बीत. हद्दीचा लोखंडी खुंटा खुद्द वर्लिननं रोवलेला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की नोरीननं काटा खाली ठेवला.

सोमवारी सकाळी त्यानं ओस्बीच्या कचेरीत फोन लावला.

"घर कुठल्या जिल्ह्यात आहे?" तिथल्या बाईनं विचारलं.

"दोन्ही."

"असं नसतं साहेब. झोपता कुठे?"

"सध्या बीमनमध्ये."

"मग तुम्ही बीमनचे."

"आणि ओस्बीत झोपलो तर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग ती बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही कुठे झोपावं हे मी सांगू शकत नाही."

वर्लिननं पॅडवर लिहिलं: 'हरकत नाही.'

पलंग हलवायचा ठरला. ओकचा पलंग, नोरीनच्या आजीचा, चार गड्यांनाही न उचलवणारा. वर्लिननं तो एकट्यानं, साबणाचं पाणी ओतून, घसरवत नेला. पडवीच्या दारात तो अडकला. पुढे जाईना, मागे येईना. चौकट काढली, तरी नाही. मार्चचा महिना, बाहेर बर्फ, आणि घराला एक भोक पडलेलं, त्यात पलंग. वर्लिननं फीत काढून मोजलं आणि टाळी वाजवली.

"नोरीन! उशा ओस्बीत आहेत!"

"आणि पाय?"

"पाय बीमनमध्ये. पण माणूस झोपतो तो डोक्यानं."

कामावरून दमून आलेली नोरीन कोट, टोपी, हातमोजे घालून त्या पलंगावर आडवी झाली. डोक्याशी गोठलेल्या काचा, पायाशी स्वयंपाकघराची शेगडी. "माझी बोटं भाजतायत आणि नाक गळून पडतंय," ती म्हणाली. सकाळी तिच्या पापण्यांवर दव गोठलेलं असायचं. इर्माबाई तर सांगतात की एकदा कोंबडीनं येऊन तिच्या टोपीत अंडं घातलं. तरी ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बीमनचं पत्र आलं की हा पलंग आत घ्यायचा हं."

पण ओस्बीच्या अर्जासोबत धाडलेला पलंगाचा फोटो तिथल्या बाईला पुरेना. तिला ओस्बीच्या पत्त्यावर आलेलं टपाल दाखवायला हवं होतं. आता पँकोंची पत्रपेटी रस्त्याकडेला, हद्दीच्या अलीकडे चाळीस फुटांवर. वर्लिननं चाक ढकलून दोनदा मोजलं आणि खांब उपटला. पलीकडे ओस्बीच्या मातीत, गोठलेल्या जमिनीला तीन दिवस पहारीनं फोडून, त्यानं तो असा रोवला की वादळ आलं तर घर जाईल, खांब नाही.

चौथ्या दिवशी टपाल वाटणारी बेव्ह गाडीतून आली, रिकाम्या खड्ड्यापाशी थांबली, आणि तिनं काच खाली केली.

"वर्लिन, पेटी कुठाय?"

"ती काय, समोर."

"तो ओस्बीचा मार्ग आहे. मी नाही तिथे टाकू शकत. आणि ओस्बीवाल्याच्या यादीत तुझं नाव नाही. पोस्टमास्तरांकडे अर्ज दे, तीन-चार आठवडे लागतात. तोवर पेटी परत लाव इथे."

"बेव्ह, मी एकतीस वर्षं खांब रोवलेत."

"मग एक अजून रोव ना."

"एकदा रोवलेला खांब मी काढत नाही."

"तुझी मर्जी बाबा. पेटी नसली की पत्र परत जातं, एवढं लक्षात ठेव," असं म्हणून बेव्ह गेली.

हे त्यानं नोरीनला सांगितलं नाही. पोस्टमास्तरांकडे अर्ज टाकला, आणि तीन आठवडे तर होते. तीन आठवड्यांत काय येतं टपालात? बियाण्यांची जाहिरात आणि दातांच्या डॉक्टरचं आमंत्रण. आणि त्याच आठवड्यात, आपण बीमनचे नाहीच हे पक्कं दिसावं म्हणून, त्यानं घरातला बीमनचा फोनही बंद करून टाकला. वृद्धाश्रमात मोबाइल कुलपात ठेवावा लागतो, म्हणून नोरीननं अर्जात तोच घरचा नंबर दिला होता. बीमनच्या अर्जात. पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येतंय?

एप्रिलभर नोरीन कामावरून आली की कोट न काढता पेटीपर्यंत चालत जायची. पेटी उघडायची, बंद करायची.

"आलं काही?" वर्लिन पडवीतून विचारायचा.

"नाही."

"येईल येईल. सत्त्याण्णववाल्यांना वेळ लागतो."

"मी शहाऐंशीवाल्यांची वाट बघतेय," ती म्हणायची.

मे महिन्याच्या मध्यावर नोरीन तिकिटं घ्यायला पोस्टात गेली. खिडकीशी बेव्ह होती.

"अगं, आहात होय तुम्ही? पेटी परत लागलीच नाही, त्याचा अर्ज अजून पडून आहे, मला वाटलं घर विकलंत. मी सगळं परत पाठवत होते. वर्लिनला सांगितलं होतं की मी!"

नोरीननं विचारलं, "काय काय परत गेलं?"

"एक जाड पाकीट होतं. बीमन कॉलेजचं."

ती घरी आली. वर्लिन पडवीत चौकटीला रंग देत होता. ती म्हणाली, "गाडी काढ."

बीमनच्या कचेरीतली बाई नोरीनला ओळखत होती. तिनं फाईल काढली आणि काढतानाच तिचा चेहरा पडला. जागा मिळाली होती. नोरीनचा नंबर होता नववा, चोवीसात नववा. नऊ एप्रिलला पत्र गेलं, दहा दिवसांत होकार हवा होता. पत्र 'पेटी नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. दोनदा फोन केला. "हा नंबर आता वापरात नाही, असं सांगत होता तो फोन. आम्हाला वाटलं, तुम्ही गाव सोडलंत. जागा पुढच्या नंबराला दिली, नोरीन. पुढच्या वर्षी भरा ना अर्ज."

"शरीरशास्त्र शिळं होतंय माझं," नोरीन म्हणाली.

"हो का? मग ते मात्र... पुन्हा करावं लागेल. आणि नंतर रांगेत."

"पोस्टाची पद्धतच चुकीची आहे," वर्लिन म्हणाला. "हद्दीवरच्या घरांसाठी काही नियम—"

नोरीननं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाक्य तिथेच सोडलं. एकतीस वर्षांत वर्लिन पँकोनं अर्धवट टाकलेलं ते पहिलं काम.

आणि ओस्बी? ओस्बीचंही पत्र बेव्हच्या परत पाठवायच्या खोक्यात सापडलं. त्यात लिहिलं होतं की जिल्ह्यात सलग एक वर्ष राहिलेले असावे लागते, आणि त्यांचा वर्ग जानेवारीत सुरू होतो. म्हणजे मार्क शिळे झाल्यावर चार महिन्यांनी. डोकं ओस्बीत ठेवून ती अडीच महिने गारठली, ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

वाटेत तो वाट बघत होता की आता ही बोलेल. आरडाओरडा करेल, निदान गाडीचं दार आपटेल. तिनं दार हळूच लावलं. घरी येऊन तिनं बटाटे सोलले. तो बाहेर जाऊन एका दिवसात पेटी जागेवर आणून रोवून आला. ओस्बीच्या मातीतून तो खांब निघता निघेना. स्वतःच्या कामाची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती. मग पलंग. तो मागे घेताना एक पाय मोडला. नोरीनच्या आजीच्या पलंगाचा.

पाय जोडायला लाकूड कापायचं म्हणून त्यानं मापं लिहायला पॅड उघडलं. बेचाळीस पानं भरली होती. मोटारतळ, बूट, खिडक्या, चिकाटी. कोरं पान शोधताना पॅड पालथं झालं आणि पहिलं पान वर आलं. नोरीनचं बारीक, तिरपं अक्षर:

'बीमन. मला तिथे भीती वाटत नाही.'

त्या दिवशी पलंगाचा पाय काही जोडून झाला नाही. आठ दिवस त्या कोपऱ्याखाली बियाण्यांच्या जाहिरातींचा गठ्ठा होता.

सप्टेंबरात नोरीन पुन्हा शरीरशास्त्राला बसली. वय पन्नास. संध्याकाळी वर्लिन तिला नेतो, आणतो, आणि वाटेत हाडांची नावं विचारतो. त्याला आता हाताची सगळी सत्तावीस हाडं येतात. तिला ती आधीपासूनच येत होती.

त्याच महिन्यात एके दिवशी ती डबा घरी विसरली. खरं तर वर्लिनच आता डबा भरतो. तो सँडविच घेऊन वृद्धाश्रमात गेला. तिथे बीमनची नवी मुलं प्रात्यक्षिकाला आली होती, निळेशार नवे कपडे, छातीवर नावं. एका खोलीत नोरीन एका मुलीला दाखवत होती, म्हाताऱ्या हॉबर्टना न दुखवता कूस कशी बदलायची. "आधी त्यांना सांग काय करणार आहेस. मग हात गरम कर. मग गुडघा." मुलीनं केलं. हॉबर्ट कण्हले नाहीत.

"तुम्हाला किती येतं!" ती मुलगी म्हणाली. वीस वर्षांची असेल, गालांवर तीळ. "तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं."

"चादर ओढ त्या बाजूनं."

"माझी तर गंमतच झाली. माझा नंबर पंचविसावा होता! मी आशाच सोडली होती, हॉटेलात कामाला लागले होते. मग एप्रिलमध्ये फोन आला, कुणा बाईनं उत्तरच पाठवलं नाही म्हणे. मी इतकी ओरडले की हातातली ताटं पडली." ती हसली. "कोण असेल हो ती? जागा मिळालेली असताना उत्तर न देणारी? वेडीच असेल."

वर्लिन दारात उभा होता, डबा छातीशी धरून. नोरीननं त्याला पाहिलं. चादरीची कड तिनं गादीखाली नीट खोचली, कोपरा दुमडला, हातानं सपाट केला.

"वेडी नसेल गं," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याला तिच्यासाठी सगळ्यात चांगलं हवं असेल."

मुलीला ते कळलं नाही. तितक्यात हॉबर्टना ठसका लागला, श्वास घरघरला. मुलगी गडबडली. नोरीननं त्यांना बसतं केलं, पाठीवर हात ठेवला, क्षणभर ऐकलं. काय झालंय ते तिला कळलं होतं.

"वर्लिन," ती मागे न बघता म्हणाली, "तिथेच उभा आहेस, तर जा. नर्सला बोलव."

डबा खिडकीत ठेवून तो धावला.